जनीची ओ

दामाजी तांडेल यांना एका 'असो'नं घायाळ केलं. बाकी माणूस घट्ट होता. पालिकेत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला, साहेबांच्या शिव्या एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडणारा. पण ठाकुर्लीचे सहदेवराव दामाजींच्याच सोफ्यावर बसून, पोह्यांची बशी हातात धरून 'असो' म्हणाले, आणि ते त्यांच्या काळजात जाऊन बसलं.

झालं असं, की दामाजींचा मुलगा दर्शन यानं स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं होतं. मुलगी संचिता, त्याच्याच ऑफिसातली. तिचे वडील सहदेवराव, निवृत्त मुख्याध्यापक, मूळ रत्नागिरीकडचे. ते माघात सहकुटुंब ठाण्याला घर बघायला आले. दामाजींनी मोबाईलवर पत्ता पाठवला होता, पण कोळीवाड्यातल्या गल्ल्या मोबाईलला कळत नाहीत. तो माणसाला थेट खाडीच्या चिखलात नेऊन सोडतो. शेवटी सहदेवरावांनी पानाच्या टपरीवर विचारलं.

"काय सांगू तुम्हाला," सहदेवराव हसत हसत सांगत होते, "मी म्हटलं दामाजी तांडेल कुठे राहतात, तर तो म्हणतो, कुठले तांडेल? इथे बेचाळीस घरं तांडेलांची. मी म्हटलं, पालिकेत होते ते. तर म्हणतो, असं बोला ना काका, जनीवाले! विहिरीपाशी डावीकडे. जनीवाले म्हणजे काय हो?"

दामाजींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा ठेवला. उत्तर दर्शननं दिलं. त्याच्या पिढीला कशाची लाज वाटायची हेच ठरलेलं नाही.

"आमची आजी जनाबाई. आमच्या घराला सगळे जनीचं घरच बोलतात. पप्पांना अजून जनीचा दामा बोलतात."

"अच्छा. नाही, आमच्याकडे आईच्या नावानं घर ओळखलं जातं ते कधी, तर..." सहदेवरावांनी बायकोकडे बघितलं. "असो. पोहे छान झालेत."

पोहे दामाजींच्या बायकोनं, मालननं, केले होते. ती आनंदली. दामाजी मात्र तेवढ्यात त्या 'कधी, तर'च्या पुढे जे काय येणार होतं ते सगळं मनात ऐकून आले होते. बाप नसतो तेव्हा. बाप कोण ते सांगता येत नाही तेव्हा. आणि आतल्या खोलीत, दारापाशी खाटेवर, ब्याऐंशी वर्षांची जनाबाई बसली होती. डोळ्यांनी तिला अंधुक दिसायचं, पण कान असे तिखट, की खाडीला भरती लागली की ती घरात बसून सांगायची.

बाप नव्हता असं नव्हे. चांगदेव तांडेल नावाचा चांगला धडधाकट बाप होता. दामाजी चार वर्षांचे असताना तो होडी, जाळं आणि बायको, तिन्ही टाकून शीळफाट्याला गेला आणि तिथे एका बाईबरोबर दुसरा संसार मांडून बसला. खाडीत वाढलेला माणूस पाणी सोडून कोरड्यात राहायला गेला, याचंच वाड्याला जास्त नवल वाटलं. जनीनं आठ दिवस दार लावून घेतलं. नवव्या दिवशी कासोटा मारून चिखलात उतरली.

ओहोटीला खाडी मागे सरली की चिखलात निवट्या सापडतात, बोटाएवढे, डोळे वर काढून पळणारे मासे. त्यांना पकडायचं काम पुरुषसुद्धा टाळतात. जनी मांडीभर चिखलात तिवरांच्या झाडीत आत आत जायची. चार वर्षांचा दामा बांधावर बसून राहायचा. आई दिसेनाशी झाली की तो उठून उभा राहायचा, कारण भरती काही सांगून येत नाही. मग तो तोंडाशी हात धरून ओरडायचा, "आयेऽऽ!" आणि तिवरांच्या आतून कुठून तरी ओ यायची. "ओऽऽऽ!" लांब, पाण्यावरून घसरत आलेली. ती आली की दामा गप्प बसायचा. थोड्या वेळानं पुन्हा हाक. पुन्हा ओ. असं जनीनं पोराला वाढवलं, शाळेत घातलं, कौलं घातली, नंतर स्लॅब घातला. घर तिचं होतं, म्हणून तिचं नाव पडलं. वाड्यानं त्यात काही चेष्टा केली नव्हती. तिथे 'बोंबल्याचं घर' होतं, 'लंगड्या पोशाचं घर' होतं, ते लोक खुशाल ओ देत होते.

चेष्टा एकानेच केली होती, आणि ती दामाजींनी जन्मात कोणाला सांगितली नाही. आठ वर्षांचे असताना शाळेच्या कुठल्याशा कागदावर बापाची सही हवी होती. मामा त्यांना एसटीनं शीळफाट्याला घेऊन गेला आणि दाराशी उभं करून स्वतः बिडी ओढत लांब थांबला. चांगदेव बाहेर आला. बनियन घातलेला, मांडीवर थाप मारत. "कोनाचा रं तू?" त्यानं विचारलं. दामाला वाटलं, खरंच ओळखलं नाही. आणि वाड्यात जे उत्तर तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"जनीचा."

चांगदेव हसला. "मंग जनीकडं जा." आणि आत गेला.

सही मामानं केली. पण त्या दिवसापासून दामाला स्वतःचं ते उत्तर टोचत राहिलं. चांगदेवाचा म्हटलं असतं तर त्यानं आत घेतलं असतं, असं त्याला वाटायचं. मोठं झाल्यावर असलं काही वाटू नये, पण ते वयाबरोबर जातंच असं नाही. दामाजींनी पुढे जिथे जिथे कागद आला तिथे तिथे 'दामाजी चांगदेव तांडेल' असं ठसठशीत लिहिलं. दाराच्या पाटीवर तसंच, लग्नपत्रिकेत तसंच. पंचवीस वर्षांपूर्वी चांगदेव मेल्याचा निरोप आला तेव्हा जनी टोपली उचलून बाजाराला गेली. दामाजी मात्र शीळफाट्याला जाऊन, परक्या माणसांच्या मागे उभे राहून, रडून आले.

तर आता चैत्र आला, आणि चैत्रात गावदेवीची पालखी.

या पालखीची एक रीत आहे. ती दुपारी देवळातून निघते आणि वाड्यातलं प्रत्येक घर घेते. दाराशी आली की पुढचा माणूस घराचं नाव पुकारतो. घरातलं सगळ्यात मोठं माणूस ओ देतं, मगच पालखी खाली टेकते. तीन हाकांत ओ आली नाही तर घर बंद समजायचं आणि पुढे जायचं. हल्ली हा नियम लागतोच, कारण निम्मे लोक डोंबिवली-कल्याणला फ्लॅटमध्ये गेले, मागे कुलपं राहिली. दोन वर्षं ओ नाही आली की नाव यादीतून जातं. मोठ्या माणसानंच ओ द्यायची, धाकट्यानं दिलेली चालत नाही, यावरून वाड्यात पूर्वी डोकी फुटलेली आहेत.

जनीची ओ प्रसिद्ध होती. वर्षभर म्हातारी हळू बोलायची, पण पालखीच्या दिवशी "जनीचा घर!" असा पुकारा झाला की अशी ओ द्यायची, की पोरं मागून नक्कल करायची.

आणि या वर्षी पालखी बघायला दामाजींनी सहदेवरावांना बोलावलं होतं. लग्न वैशाखात होतं.

पुकाऱ्याची वही फाटली होती. पालखी मंडळाचा पोपट तांडेल, दामाजींच्याच वयाचा, ती घेऊन त्यांच्याकडेच आला. "दामा, तुझा अक्षर चांगला. सगळी यादी कॉम्प्युटरवर मार ना." दामाजींनी दर्शनच्या लॅपटॉपवर तीन दिवस बसून यादी उतरवली. बोंबल्याचं घर. लंगड्या पोशाचं घर. अठ्ठाविसाव्या ओळीवर त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी टाइप केलं, 'चांगदेवाचं घर'.

कारकुनाला एक खोड असते. कागदावर बदललं की जगात बदललं असं त्याला वाटतं.

पोपटनं यादीवरून बोट फिरवलं आणि चष्मा वर केला. "हे काय? काकीला विचारलंस?"

"तिनंच सांगितलं," दामाजी म्हणाले.

इतकं सहज म्हणाले, की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. पोपटला ते खरं वाटलं. जनीनं सांगितल्याशिवाय त्या घरात काही होत नाही, हे वाड्याला ठाऊक होतं.

आता आईला सांगायचं राहिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत दामाजींनी चार दिवस घालवले. पालखीच्या सकाळी तिनं स्वतःहून नवं लुगडं मागितलं, हिरवं. मालननं नेसवलं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर घातला. दामाजी दारात घुटमळले, आणि पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर गेले.

पालखी दाराशी आली तेव्हा साडेपाच झाले होते. ऊन तिरपं झालं होतं, पालखीपुढे वाजणारा बेंजो थांबला होता. जनाबाई उंबऱ्यात पाटावर बसली होती, मांडीवर आरतीचं ताट, मान थोडी तिरकी करून. सहदेवराव दामाजींच्या शेजारी उभे होते, पायातले बूट काढून, मोठ्या कौतुकानं.

पोपटनं कागद डोळ्यांपुढे धरला.

"चांगदेवाचा घर!"

सहदेवरावांनी दामाजींकडे बघून मान हलवली. 'अच्छा, वडिलांचं नाव', अशी ती मान होती.  एक क्षण सगळं मनासारखं झालं.

जनाबाई हलली नाही.

"चांगदेवाचा घर!"

लोक तिच्याकडे बघायला लागले. दामाजी वाकून तिच्या कानाशी गेले. "आये, ओ दे."

"थांब रं," ती हळूच म्हणाली. "माजा नाव कुठं घेतला आजून?"

"अगं आपल्यालाच बोलवतायत. ओ दे ना."

"दुसऱ्याच्या नावाला कशाला देऊ?" ती म्हणाली. तिला वाटलं, पालखी अजून शेजारी आहे आणि पोराला घाई झाली आहे. "बस गप. येल तवा देईन."

"चांगदेवाचा घर!"

तिसऱ्या हाकेनंतर पोपट थोडा थांबला. रीतीपेक्षा जास्तच थांबला. मग त्यानं मान हलवली, बेंजो सुरू झाला आणि पालखी जनीच्या दारावरून पुढे गेली. भोई जाताना म्हातारीच्या इतक्या जवळून गेले, की झालरीचा वारा तिच्या ताटातल्या ज्योतीला लागला. ती विझली. जनाबाईनं ज्योतीवर हात धरला, चाचपून बघितलं, आणि ताट तसंच मांडीवर ठेवून बसून राहिली.

"वय झालं की ऐकू कमी येतंच," सहदेवराव समजुतीनं म्हणाले.

बेंजोचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचला तेव्हा म्हातारीनं विचारलं, "दामा, आपला घर इसरले क काय रं?"

दामाजींनी पाहुण्यांना चहा हवा का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सखुबाई ओसरीवर येऊन बसली. दामाजी आत दाढी करत होते. खिडकी उघडी होती.

"जने, झोप लागली व्हती क काय तुला? पोपट तीनदा बोंबलला."

"माजा नाव नाय घेतला त्यानं."

"अगो, तूच ना बोललीस, घराचा नाव बदला म्हनून? दामानं तसा सांगितलान पोपटला. चांगदेवाचा नाव लावा, आयेची इच्छा हाय."

वस्तरा गालावरच थांबला.  कोंबडीनं माती उकरल्याचा आवाज येत होता. दामाजी वाट बघत होते, की आता आई ओरडेल, साऱ्या वाड्याला गोळा करेल. तेवढा तिचा अधिकार होता. आणि त्यांना ते हवंही होतं, एकदा होऊन जाऊ दे म्हणून.

"हां," जनाबाई म्हणाली. "मीच बोलले. म्हातारपनी नवऱ्याची याद येते बाय."

सखुबाई खो खो हसली, आणि दुपारपर्यंत हे वाक्य विहिरीपासून बंदरापर्यंत पोचलं. जनीलापण शेवटी नवराच आठवला म्हणे. पोराची अब्रू झाकायला म्हातारीनं साठ वर्षांची स्वतःची अब्रू उघड्यावर टाकली, हे कोणाला कळलं नाही. आत उभ्या असलेल्या माणसाला तेवढं कळलं.

त्या दिवसापासून तिनं दामाजींना ओ द्यायचं बंद केलं.

बोलणं बंद केलं नाही. जवळ जाऊन विचारलं, "जेवलीस?" तर "जेवले" म्हणायची. गोळ्या दिल्या तर घ्यायची. पण हाक मारली, की ती हाक भिंतीला लागून परत यायची. दर्शननं "आजी" म्हटलं की ओ. मालननं "आत्याबाई" म्हटलं की ओ. लग्न होऊन संचिता घरात आली, तिनं तर नुसतं दारातून डोकावलं तरी म्हातारी "ओ बाय" म्हणायची. दामाजी अंगणातून, मोरीतून, गच्चीवरून हाका मारून बघायचे. काही काम नसताना मारायचे. "आये?" एकसष्ट वर्षांचा माणूस, पेन्शन घेतलेला. "आये?"

एकदा न राहवून ते खाटेपाशी जाऊन बसले. "माझं चुकलं, आये."

"कसला?" ती म्हणाली. "घर चांगदेवाचा. त्या घरात मी ऱ्हाते. चांगदेवाच्या घरात कधी कोनी कोनाला ओ दिली हाय?"

 शीळफाट्याची गोष्ट मामानं तिला तेव्हाच सांगितली होती की काय, हे विचारायचं सोडून दामाजींनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

गणपती गेले आणि जनाबाई खाटेला लागली. चौथ्या दिवशी दुपारी ओहोटीच्या वेळेला तिचा श्वास लांबत गेला. दर्शननं हाक मारली तेव्हा तिच्या ओठांवर काहीतरी हललं. दामाजी तोंडाजवळ हात नेऊन, अगदी बांधावरून मारायचे तशी हाक मारून बसले. "आयेऽऽ!" मालन दचकली. शेजारचे धावून आले. म्हातारीचे कान शेवटपर्यंत शाबूत होते असं डॉक्टर नंतर म्हणाले. ओ काही आली नाही.

फाल्गुनात संचिताला मुलगा झाला. बारशाला सहदेवराव जन्माचा दाखला हातात नाचवत आले. "बघा व्याही, आता सरकारचा नियमच झालाय. बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्या संचिताचं नाव आधी! किती योग्य आहे, नाही? शेवटी वाढवते ती आईच."

दामाजींनी दाखला हातात घेतला. सगळं बोलायचं होतं, पण सुरुवात कुठून करायची?

"असो," ते म्हणाले.

आणि चैत्रात, पालखीच्या आदल्या आठवड्यात ते पोपटच्या घरी गेले. "पोपट, एक काम होतं. ते यादीत... आमचं नाव पुन्हा जनीचं घर कर."

पोपट जाळं विणत होता. त्यानं सुई खाली ठेवली. "आता कसा करू? काकीनं जित्तेपनी बदलून घेतला."

"अरे, पण सगळ्यांना तेच नाव माहीत आहे."

"मला काय वाईट वाटला नाय व्हय? पन सखुबाईला तिनं सोताच्या तोंडानं सांगितलान, साऱ्या वाड्याला ठावं हाय. मेलेल्या मानसाचा शब्द मी कसा फिरवू, दामा?" मग त्यानं चष्म्यावरून बघितलं. "का तुला काय येगळा म्हायती हाय? असला तर बोल. आत्ता खोडतो."

बाहेर ओसरीवर चार माणसं बसली होती. त्यात सखुबाईचा थोरला होता. रविवारी सहदेवराव नातवाला पालखी दाखवायला येणार होते. दामाजींना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'मी खोटं बोललो', एवढंच. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

"नाय," ते म्हणाले. "काय नाय."

रविवारी साडेपाचला पालखी दाराशी आली. उंबऱ्यात पाटावर दामाजी बसले होते, मांडीवर आरतीचं ताट. आता घरात मोठे तेच. मागे संचिता बाळाला घेऊन उभी होती, तिच्यामागे सहदेवराव.

"चांगदेवाचा घर!"

दामाजींनी खाडीच्या बाजूला मान वळवली. दोन घरांच्या फटीतून तिवरं दिसत होती.

"चांगदेवाचा घर!"

"व्याही," सहदेवराव मागून कुजबुजले, "तुमच्या वडिलांचंच नाव घेतायत. ओ द्या."

गल्लीभर लोक थांबले होते. यंदा ओ नाही आली तर दुसरं वर्ष भरत होतं, आणि मग हे घर यादीतूनच जाणार होतं. बाळ रडायला लागलं. पोपटनं श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा, थोडा हळू, पुकारा केला.

"ओ," दामाजी म्हणाले.

पालखी टेकली. बायको-पोराला टाकून गेलेला चांगदेव अठ्ठावन्न वर्षांनी घरी आला, आणि त्याला ओ देऊन आत घेतलं ते जनीच्या दामानं.